गोदावरीचा अभियंता : सर आर्थर कॉटन

सर आर्थर टॉमस कॉटन (१५ मे १८०३ – २४ जुलै १८९९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इंजिनिअर्स या लष्करी दलातले अधिकारी. लढाई त्यांनी पाहिली ती उमेदवारीच्या काळात, ब्रह्मदेशात. त्यानंतरची नोकरीची बहुतेक वर्षे नद्यांवर बंधारे घालण्यात आणि त्यांचे पाणी कालव्यांनी शेतापर्यंत नेण्यात गेली. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड अशी महाराष्ट्र ओलांडून जाते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर, आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरम येथे, कॉटन यांचे सर्वांत मोठे काम उभे राहिले. त्याआधी कावेरीवर त्यांनी जे शिकून घेतले, त्याच्या बळावर गोदावरीचे काम पार पडले. पुढे हाच अनुभव त्यांनी जमिनीचा स्वभाव वेगळा असलेल्या भागांत लागू करू पाहिला, तेव्हा अपयशही आले. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे कालवा कोठे तग धरतो आणि कोठे तोट्यात जातो, हे दोन्ही कळते.

जडणघडण

कॉटन यांचा जन्म इंग्लंडमधल्या एका मोठ्या कुटुंबात झाला. अकरा भावांपैकी ते दहावे. त्यांतले सिडनी कॉटन पुढे सेनानी म्हणून नावारूपाला आले, तर फ्रेडरिक कॉटन आर्थर यांच्याप्रमाणेच मद्रास इंजिनिअर्समध्ये दाखल झाले. पंधराव्या वर्षी आर्थर अ‍ॅडिस्कम येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयात गेले. तोफखाना आणि अभियंता दल या दोन शाखांसाठी लागणारे अधिकारी तेथे तयार होत. गणित, भूमापन, आराखडे काढणे आणि तटबंदीचे शास्त्र हे तिथले मुख्य विषय. १८१९ मध्ये त्यांची मद्रास इंजिनिअर्समध्ये नेमणूक झाली. काही काळ त्यांनी वेल्समध्ये भूमापनाचे काम केले आणि १८२१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते मद्रासला पोहोचले.

त्या काळी कंपनीच्या राज्यात नागरी अभियंत्यांचे वेगळे खाते नव्हते. रस्ते, पूल, तलाव, बंधारे, सरकारी इमारती ही सारी कामे लष्करी अभियंत्यांकडेच येत. मद्रास इलाख्यात तर तलाव आणि पाट यांच्या देखभालीवर शेतसारा अवलंबून होता. तलाव फुटला की पीक जाई आणि पिकाबरोबर साराही बुडे. त्यामुळे तरुण कॉटन यांना पहिले मोठे काम मिळाले ते दक्षिणेकडच्या तलावांच्या विभागात. कोइमतूर, मदुरा, तिरुनेलवेली, त्रिचनापल्ली आणि तंजावर या जिल्ह्यांत त्यांनी घोड्यावरून व पायी मैलोन् मैल फिरून तलाव आणि पाट पाहिले. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पांबनच्या उथळ सामुद्रधुनीचीही त्यांनी पाहणी केली. मोठी जहाजे तेथून जाऊ शकावीत म्हणून ती खोल करण्याचा विचार तेव्हा चालू होता.

१८२४ ते १८२६ या काळात पहिले इंग्रज-ब्रह्मी युद्ध झाले. कॉटन त्यात होते आणि रंगूनसह अनेक ठिकाणच्या मोहिमांत त्यांनी भाग घेतला. युद्धाहून परतल्यावर ते पुन्हा पाण्याच्या कामाकडे वळले. १८२८ मध्ये कप्तान म्हणून बढती मिळाली आणि कावेरीच्या खोऱ्याची पाहणी त्यांच्याकडे आली.

कावेरीची शाळा

त्रिचनापल्लीच्या वर कावेरी दुभंगते. दक्षिणेकडच्या फाट्याला कावेरी हेच नाव राहते, उत्तरेकडचा फाटा कोल्लिडम. दोन्हींच्या मधे श्रीरंगमचे बेट आहे. तंजावरची सारी भातशेती दक्षिण फाट्यावर जगते. पण कोल्लिडमचा मार्ग अधिक सरळ आणि उताराचा असल्याने पाणी वर्षागणिक तिकडे जास्त वळू लागले. कावेरीचे पात्र गाळाने भरत चालले होते. तंजावरच्या पाटांना पाणी कमी पडू लागले होते आणि तो सुपीक प्रदेश हळूहळू कोरडा पडेल अशी भीती निर्माण झाली होती.

बेटाच्या खालच्या टोकाला, जिथे कावेरीचे पाणी पुन्हा कोल्लिडममध्ये निसटू पाहते, तिथे प्राचीन कल्लणै हा बंधारा आहे. चोळ राजा करिकाल याने तो बांधला असे परंपरा मानते. कॉटन यांनी त्याची रचना बारकाईने पाहिली. नदीच्या वाळूखाली खडक कुठेच हाती लागत नाही, तरीही हा बांध शेकडो वर्षे पुराला तोंड देत उभा होता. आतला गाभा म्हणजे चिखलात बसवलेले ओबडधोबड दगड. दगड आपल्या वजनाने वाळूत रुततात, काही काळाने त्यांचे बूड स्थिर होते आणि वर चढवलेले दगड मग हलत नाहीत. खडकापर्यंत पाया खणायचा आणि त्यावर चिरेबंदी भिंत उभारायची, हे युरोपातल्या पुस्तकी शास्त्राचे वळण. कल्लणैच्या बांधकामाने वेगळा मार्ग दाखवला. सैल वाळूवर बंधारा कसा टिकवायचा हे आपण भारतातल्या जुन्या बांधकाऱ्यांकडून शिकलो, असे कॉटन यांनी पुढे मोकळेपणाने नमूद केले आहे.

१८३० मध्ये कल्लणैला तळाशी मोऱ्या ठेवण्यात आल्या. बंधाऱ्याच्या मागे साचणारा गाळ वाहत्या पाण्याच्या जोराने खाली धुऊन जावा, हा त्यामागचा हेतू. त्यानंतर कॉटन यांनी कोल्लिडमवर दोन नवे बंधारे सुचवले आणि १८३६ पासून त्यांचे बांधकाम झाले. वरचा बंधारा मुक्कोंबू येथे, जिथे नदी दुभंगते तिथेच आहे. कोल्लिडमच्या तोंडाशी ही आडवी भिंत आल्यावर पाणी पुन्हा कावेरीकडे वळले. खालचा बंधारा समुद्राच्या बाजूला, अणैकरै येथे. त्याने अडवलेल्या पाण्यावर चोळकालीन वीराणम तलाव भरू लागला आणि दक्षिण अर्काट जिल्ह्यातल्या शेतीला आधार मिळाला.

वरच्या बंधाऱ्याने काम इतके चोख केले की काही वर्षांतच उलटी अडचण उभी राहिली. आता कावेरीतच पाणी जास्त येऊ लागले आणि तिचे काठ खचू लागले. १८४३ ते १८४५ या काळात वरच्या बंधाऱ्याचा मधला भाग उतरवला गेला आणि कावेरीच्या तोंडाशीही एक नियंत्रक भिंत घालण्यात आली. नदीत एका ठिकाणी हात घातला की तिचा तोल दुसरीकडे बदलतो, त्यामुळे बंधारा बांधून झाला तरी काम संपत नाही. गोदावरीवर जाण्याआधी कावेरीने शिकवलेला हा दुसरा धडा.

याच सुमारास कॉटन यांनी मद्रासजवळ रेड हिल्स येथे दगड वाहण्यासाठी लोखंडी रुळांचा एक छोटा मार्ग घातला. भारतातल्या अगदी पहिल्या लोहमार्गांत त्याची गणना होते. रेल्वेचे पुढे सर्वांत कडवे टीकाकार ठरलेल्या माणसाच्या हातून हे काम झाले होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. उन्हाने आणि तापाने प्रकृती खालावल्यामुळे त्यांना अनेकदा रजेवर जावे लागले. त्यातल्या एका रजेत ते टास्मानियात होते आणि १८४१ मध्ये तेथेच त्यांचा एलिझाबेथ लर्मन्थ यांच्याशी विवाह झाला.

उपाशी त्रिभुज प्रदेश

१८४३-४४ मध्ये कॉटन विशाखापट्टणमला आले आणि लवकरच त्यांचे लक्ष शेजारच्या गोदावरी त्रिभुज प्रदेशाकडे गेले. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाची ती जमीन. शेजारून भारतातल्या सर्वांत मोठ्या नद्यांपैकी एक वाहत होती. तरीही लोक उपाशी होते. १८३२-३३ च्या दुष्काळात जवळच्या गुंटूर जिल्ह्यातल्या सुमारे पाच लाख वस्तीपैकी दोन लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. १८३९ मध्ये कोरिंगा बंदराच्या किनाऱ्यावर चक्रीवादळाची प्रचंड लाट आली आणि समुद्राचे खारे पाणी शेतांत घुसले. राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या १८२१ मध्ये सात लाखांवर होती. १८४१ पर्यंत ती साडेपाच लाखांच्या आसपास उतरली. काही माणसे मेली, काही परागंदा झाली. जुने तलाव आणि पाट दुरुस्तीअभावी गाळाने भरून गेले होते.

कारण उघड होते. पावसाळ्यात नदी दुथडी वाहून सारे पाणी समुद्रात नेई आणि पूर ओसरला की तिची पातळी शेतांच्या खूप खाली जाई. खालून पाणी उपसून शेतात घालण्याचे साधन कुणाकडे नव्हते. पाऊस वेळेवर आला नाही, तर डोळ्यांदेखत वाहणाऱ्या नदीच्या काठावर भात करपे.

जिल्ह्याची अवस्था पाहण्यासाठी सरकारने हेन्री मॉन्टगोमेरी यांना नेमले. १८४४ मध्ये त्यांनी नदीच्या पाण्याचा उपयोग करण्याची शिफारस केली. कॉटन यांनी १८४४ आणि १८४५ मध्ये दोन अहवाल सादर केले. त्रिभुज प्रदेशाच्या माथ्यावर नदीला बंधारा घालावा, पाण्याची पातळी उचलावी आणि दोन्ही काठांनी कालवे काढावेत, हा त्यांचा सारांश. तंजावरशी तुलना करून त्यांनी दाखवले की त्याच प्रकारची जमीन आणि त्याच प्रकारची नदी असूनही तंजावर सुखी आहे आणि राजमहेंद्री भिकेला लागली आहे. फरक फक्त पाटांचा. बंधाऱ्याचा अंदाज होता सुमारे पावणेपाच लाख रुपये. लंडनमधल्या संचालक मंडळाने डिसेंबर १८४६ मध्ये मंजुरी दिली.

धवळेश्वरमचा बंधारा

जागा निवडण्यातच निम्मे यश होते. धवळेश्वरमपाशी गोदावरी बेटांमुळे चार प्रवाहांत विभागलेली आहे आणि बेटांसकट पात्राची रुंदी सहा किलोमीटरच्या घरात जाते. एवढे रुंद पात्र बघून कुणीही माघार घेतली असती. कॉटन यांनी मात्र तीच जागा सोयीची मानली. रुंदी जास्त म्हणजे पुराच्या पाण्याची उंची कमी आणि बंधाऱ्यावरचा मारा सौम्य. शिवाय बेटांमुळे काम चार वेगळ्या भागांत करता येत होते. एका प्रवाहात बांधकाम चालू असताना नदी दुसऱ्या प्रवाहातून वाहू शकत होती. काठावरच टेकडी होती आणि तिच्यात हवा तेवढा दगड होता. लाकूड वरच्या जंगलांतून नदीच्या प्रवाहाने खाली आणता येत होते.

१८४७ मध्ये काम सुरू झाले. कॉटन यांनी मागितले होते त्याहून फारच थोडे अधिकारी त्यांना मिळाले. लेफ्टनंट चार्ल्स ऑर आणि लेफ्टनंट फीलिक्स हेग या तरुण लष्करी अभियंत्यांनी पुढे मोठी जबाबदारी उचलली. स्थानिक देखरेखीचा भार वीणम वीरन्ना यांनी सांभाळला. त्यांना जिल्ह्याची माहिती होती आणि मजुरांशी त्यांच्या भाषेत बोलता येत होते. हजारो मजुरांची जमवाजमव आणि त्यांना कामावर टिकवून ठेवणे, ही गोष्ट त्यांच्यामुळे शक्य झाली. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. कामाच्या भरात दहा हजारांपर्यंत मजूर, पाथरवट, गवंडी, सुतार आणि लोहार तेथे राबत होते. टेकडीतला दगड रुळांवरून नदीपर्यंत आणि पुढे होड्यांतून जागेवर नेला जाई. कामाचे दिवस थोडे असत. पूर ओसरल्यावर सुरुवात करायची आणि पुढचा पावसाळा उजाडण्याआधी केलेला भाग पुराला झेपेल इतका पक्का करायचा, हे चक्र दरवर्षी चालले.

बंधाऱ्याची रचना कावेरीच्या अनुभवावर बेतलेली होती. वाळूत उथळ विहिरींच्या रांगा उतरवून त्यांवर पायाची भिंत घेतली. तिच्यामागे दगडांचा भराव टाकला, माथ्यावर चुन्यातले बांधकाम केले आणि खालच्या बाजूला मोठमोठ्या सुट्या दगडांचा लांब उतरता पदर पसरला. बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी या पदरावर आपला जोर खर्च करते, त्यामुळे पायाखालची वाळू उकरली जात नाही. पुराने काही दगड वाहून नेले की पुढच्या उन्हाळ्यात तेवढे पुन्हा टाकायचे. अशी दुरुस्ती धरूनच रचना केलेली होती. चारही भागांत गाळ धुऊन काढणाऱ्या मोऱ्या ठेवल्या गेल्या. धवळेश्वरम, रॅली, मद्दूर आणि विज्जेश्वरम या चार भागांच्या भिंतींची एकूण लांबी सव्वादोन मैल, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून अधिक, आणि मूळ उंची सुमारे बारा फूट. नदी पूर्ण अडवून पाण्याचा साठा करणे हा हेतू नव्हताच. पूर बंधाऱ्यावरून ओलांडून जावा आणि बाकीच्या दिवसांत पाणी कालव्यांच्या तोंडापर्यंत चढावे, एवढेच या भिंतीला करायचे होते.

१८४८ मध्ये कॉटन यांची प्रकृती पार ढासळली आणि त्यांना दोन वर्षे रजेवर जावे लागले. या काळात काम ऑर यांनी पुढे नेले. १८५० मध्ये कॉटन परतले आणि ३१ मार्च १८५२ रोजी बंधारा पुरा झाला. मूळ अंदाजापेक्षा खर्च बराच वाढला होता, तरी मिळालेल्या लाभापुढे तो किरकोळ ठरला.

कालव्यांचे जाळे

बंधारा हे काम अर्धेच होते. त्याच्या वरच्या अंगाने तीन मुख्य कालवे निघतात: पूर्व, मध्य आणि पश्चिम त्रिभुज कालवा. त्यांना उपकालवे, उपकालव्यांना चाऱ्या, आणि शेतात जास्त झालेले पाणी समुद्राकडे वाहून नेणारे निचऱ्याचे नाले. त्रिभुज प्रदेशाचा उतार इतका मंद की कालव्याची पातळी काही इंचांनी चुकली तरी पाणी पुढे सरकणार नाही. त्यामुळे भूमापन अतिशय काटेकोर करावे लागले. नदीच्या फाट्यांचे गाळाने बनलेले काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा थोडे उंच असतात. कालवे या उंच काठांवरून नेले, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खोलगट शेतांना पाणी आपोआप उतरते.

एका ठिकाणी मात्र नदीच आडवी आली. वैनतेय फाट्यापलीकडे असलेल्या नगरम बेटाला पाणी पोहोचवण्यासाठी गन्नावरम येथे कालवा नदीच्या फाट्यावरून नेणे भाग होते. १८५२-५३ मध्ये हेग यांनी कमानींची लांब रांग उभारून हा जलसेतू एका हंगामात पुरा केला. खाली नदी आणि वर कालवा, असे हे बांधकाम त्या काळात अचंबित करणारे होते.

कॉटन यांच्या डोळ्यांसमोर शेतीइतकेच जलमार्ग होते. कालवे त्यांनी होड्या चालतील इतके रुंद आणि खोल ठेवले. पातळी बदलते तिथे दोन दारांमधला हौद भरून किंवा रिकामा करून होडी वरखाली नेणारी व्यवस्था, म्हणजे लॉक, बांधण्यात आली. भात, नारळ, मीठ, कापड आणि माणसेही होड्यांतून फिरू लागली. काकीनाडा बंदराशी हे जाळे जोडले गेले. एलूरु कालव्याने गोदावरी कृष्णेशी जोडली गेली आणि पुढे किनाऱ्यालगतच्या बकिंगहॅम कालव्यामार्गे मद्रासपर्यंत जलमार्ग तयार झाला. कृष्णेवर विजयवाडा येथे, कॉटन यांच्या पाठिंब्याने आणि ऑर यांच्या देखरेखीखाली, १८५२ ते १८५५ या काळात बंधारा झाला. दोन्ही नद्यांचे त्रिभुज प्रदेश असे एका व्यवस्थेत आले.

परिणाम लवकर दिसला. भात भरवशाचे पीक झाले, सोडून गेलेली माणसे परतली, सरकारचा महसूल वाढत गेला आणि वस्तीही वाढली. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात मद्रास इलाख्यात आणि मुंबई इलाख्यातल्या सोलापूर, अहमदनगर, पुणे या भागांत लाखो माणसे अन्नाविना गेली. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश मात्र त्यातून वाचला आणि तिथला तांदूळ इतर जिल्ह्यांना पुरवला गेला. आज या व्यवस्थेखाली सुमारे दहा लाख एकर जमीन भिजते.

रेल्वे की कालवा?

१८५० च्या दशकात हिंदुस्थानात रेल्वे आली आणि सरकारी पैशाचा ओघ तिच्याकडे वळला. खासगी रेल्वे कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. कॉटन यांनी १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामांवर पुस्तक लिहून या धोरणाला उघड विरोध केला. त्यांचे म्हणणे असे: कालव्यातून माल नेण्याचा खर्च रेल्वेच्या तुलनेत फार थोडा. शिवाय तोच कालवा शेत भिजवतो आणि दुष्काळ टाळतो. रेल्वे धान्य एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ शकते, पण पिकवू शकत नाही. साऱ्या देशात नद्या जोडणाऱ्या, होड्या चालतील अशा कालव्यांचे जाळे असावे, ही त्यांची कल्पना. नद्या जोडण्याच्या आजच्या चर्चेत म्हणूनच त्यांचे नाव घेतले जाते.

१८६१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. सक्रिय नोकरी सोडल्यानंतरही ते या विषयावर सतत लिहीत आणि बोलत राहिले. १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे, पंचाहत्तर वर्षांच्या वयात, त्यांनी दीर्घ साक्ष दिली. समितीने त्यांच्या भव्य योजनेला मान्यता दिली नाही. पण भारतीय विचारवंतांनी त्यांची मांडणी मनावर घेतली. रमेशचंद्र दत्त यांनी हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासावर लिहिताना, रेल्वेवर अफाट आणि पाटबंधाऱ्यांवर तुटपुंजा खर्च करणाऱ्या सरकारविरुद्ध कॉटन यांचा आधार घेतला.

दुसरा वाद झाला तो गंगा कालव्याचे शिल्पकार प्रोबी कॉटली यांच्याशी. नावे सारखी वाटली तरी दोघांची मते दोन टोकांची होती. हरिद्वारला गंगेचे पाणी उचलून दोआबात नेणारा कॉटली यांचा कालवा १८५४ मध्ये खुला झाला. १८६३ मध्ये कॉटन यांनी तो पाहिला आणि त्यात गंभीर दोष असल्याचे जाहीर केले. कालव्याला उतार जास्त दिला आहे, त्यामुळे पाण्याचा वेग वाढून तळ उकरला जातो. शिवाय कालवा डोंगरपायथ्याशी इतक्या वर सुरू केला की वाटेतले ओढे ओलांडण्यासाठी महागडी बांधकामे करावी लागली, असे त्यांचे आक्षेप होते. कॉटली यांनी त्यांना जोरदार उत्तर दिले आणि पुस्तिकांची लढाई बरेच दिवस चालली. उताराबद्दलचा कॉटन यांचा मुद्दा खरा ठरला आणि कालव्यात दुरुस्त्या झाल्या. कालव्याचे तोंडच खाली हलवण्याची त्यांची सूचना मात्र सरकारने मानली नाही. पुढे नरोरा येथून खालचा गंगा कालवा वेगळा काढण्यात आला.

जिथे गणित चुकले

रेल्वेप्रमाणे कालव्यांसाठीही खासगी भांडवल उभारावे, असा प्रयत्न कॉटन यांच्या आग्रहातून झाला. मद्रास इरिगेशन अँड कॅनाल कंपनीने सरकारी हमी घेऊन तुंगभद्रेच्या पाण्यावर कर्नूल ते कडप्पा असा सुमारे १९० मैलांचा कालवा खोदला. खर्च अंदाजाच्या पलीकडे गेला आणि पाण्याला गिऱ्हाईक मिळेना. या भागात काळी जमीन बरीच आहे. पावसावर ज्वारी आणि कापूस घेणाऱ्या शेतकऱ्याला बऱ्या वर्षी पाण्याची गरज वाटत नसे आणि पाणीपट्टी भरण्याची तयारीही नसे. काळ्या मातीला पाणी जास्त झाले तर पीक बिघडते, हेही त्याला अनुभवाने ठाऊक होते. १८८२ मध्ये सरकारला हा कालवा विकत घ्यावा लागला. ओरिसात महानदीवर कालवे काढणारी दुसरी कंपनीही तगली नाही आणि तिचे काम सरकारने ताब्यात घेतले.

दुसरे अपयश थेट महाराष्ट्राशी जोडलेले आहे. वर्धा, नागपूर आणि वऱ्हाडातला कापूस गोदावरीच्या पात्रातून होड्यांनी पूर्व किनाऱ्यावर न्यावा, ही कॉटन यांची योजना. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या जलमार्गात खडकाळ धबधब्यांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मगुडेम येथे, दुसरा त्याच्या वर गोदावरीतच, तिसरा प्राणहितेत. प्रत्येकाला वळसा घालणारे कालवे, बंधारे आणि लॉक बांधायचे होते. हेग यांनी अनेक वर्षे जंगलात, हिवतापाने आजारी पडणाऱ्या मजुरांसह हे काम चालवले. सिरोंचा हे नव्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. पण नदीत पुरेसे पाणी वर्षातले काहीच महिने असे आणि दरम्यान मुंबईहून आलेली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली होती. कापसाला जवळची आणि खात्रीची वाट मिळाली. १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली.

यश आणि अपयश एकाच विश्वासातून आलेले दिसतात. त्रिभुज प्रदेशात सपाट जमीन, भाताची सवय असलेला शेतकरी, माथ्यावर भरपूर पाणी आणि जुन्या पाटांची परंपरा या चारही गोष्टी होत्या. तिथे बंधाऱ्याने चमत्कार केला. दख्खनच्या पठारावर त्यांतल्या दोन-तीन नव्हत्या. पाणी सगळीकडे सारखेच उपयोगी पडेल, हे कॉटन यांनी गृहीत धरले. पिके आणि माती बदलली की पाण्याचे मोलही बदलते, याकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही.

अखेरची वर्षे आणि वारसा

निवृत्तीनंतर कॉटन इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या डॉर्किंग येथे राहिले. १८७७ मध्ये त्यांना जनरल हा हुद्दा मिळाला. वयाच्या ऐंशीनंतरही ते खोल नांगरटीने गव्हाचे उत्पन्न वाढवण्याचे प्रयोग आपल्या बागेत करत होते. १८९९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या लेडी होप यांनी लिहिलेले चरित्र पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

कॉटन हे एका परकीय राज्याचे नोकर होते. त्या राज्याने कालव्यांकडे महसुलाचे साधन म्हणून पाहिले, हे विसरता येत नाही. तरीही गोदावरीकाठच्या माणसाने त्यांना वेगळ्या नजरेने पाहिले. त्रिभुज प्रदेशातल्या गावांत त्यांचे पुतळे आहेत, दरवर्षी १५ मे रोजी त्यांना फुले वाहिली जातात आणि गंगा आणणाऱ्या भगीरथाशी त्यांची तुलना केली जाते. गोदावरीस्नानाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या संकल्पात त्यांचे नाव गोवण्याची प्रथाही तेथे आहे.

त्यांचा मूळ बंधारा सव्वाशे वर्षे वापरात राहिला. पुढे त्याच्याजवळ १७५ दारांचा नवा बंधारा उभारला गेला आणि त्याला सर आर्थर कॉटन यांचे नाव देण्यात आले. धवळेश्वरमला त्यांच्या कामाचे संग्रहालय आहे. गोदावरीच्या वरच्या अंगाला, महाराष्ट्रात, पाटांचे पाणी बरेच उशिरा आले. नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि त्यावरचे गोदावरी कालवे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत झाले, पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये. वरच्या धरणांनी किती पाणी अडवायचे आणि खालच्या त्रिभुज प्रदेशाला किती सोडायचे, हा प्रश्न आता राज्याराज्यांतल्या वाटपाचा झाला आहे. कॉटन यांच्या काळात नदी भरपूर होती आणि पाटांची वाण होती. आज पाट आहेत, धरणे आहेत, आणि पाणी मोजून वाटून घ्यावे लागते. सैल वाळूवर जुन्या बांधकाऱ्यांच्या पद्धतीने बंधारा उभारणे आणि त्यातून एका प्रदेशाला उपासमारीतून कायमचे बाहेर काढणे, हे कॉटन यांचे काम मात्र या बदलानेही कमी ठरत नाही.